लाल हेल्मेटचा मानकरी

माझ्या डोक्यावर लाल हेल्मेट चढवलं, तेव्हा मी "थँक्यू सर" म्हणालो.

सगळी मीटिंग हसली. मीही हसलो. मुलुंडच्या त्या टॉवरवर मी नवा ज्युनिअर इंजिनिअर. टाळ्या पडल्या, वाटलं सत्कारच आहे. आईला फोटो पाठवायला मोबाइलही काढला होता. मग शेजारच्याने कानात सांगितलं, ज्याचं काम मागे पडलं त्याने आठवडाभर हे घालून फिरायचं. आमच्या प्रोजेक्ट मॅनेजर साहेबांची ही सुधारणा.

माझा गुन्हा एवढाच, की काम वेळेत होणार नाही हे मी खरं सांगितलं. बाकीचे सगळे "होऊन जाईल सर" म्हणायचे. होत काहीच नसे. पण डोकं मोकळं राहायचं.

साहेब म्हणाले, "कोट्यातून आलेला माणूस. डिग्री मिळते रे, अक्कल कुठून आणणार?"

कुणी हसलं नाही. सगळे टेबलाकडे बघत बसले. मीही. घाटकोपरच्या डोंगरावरचं आमचं घर माझ्या पगारावर चालत होतं.

त्याच आठवड्यात स्लॅब भरला. काँक्रीट अजून कच्चं, आणि साहेबांचा हुकूम आला: खालचे टेकू काढा. मालक येणार होते, त्यांना खाली टाइल्सचं काम चालू दिसायला हवं होतं. मी अजून नको म्हटलं, तर म्हणाले घाबरट आहेस. ते मात्र खरं होतं.

दुपारची वेळ. त्याच स्लॅबच्या सावलीत मजूर बायका डबे उघडत होत्या. मालवणकडचा मिस्त्री हातोडा घेऊन उभा. म्हणाला, "सायबानू, काय ता एकदाचा सांगा."

मी वर बघितलं. ओलं, काळपट छत. त्याखाली त्या बायका, भाकरी मोडणाऱ्या. मी बायकांना उठवलं, आणि स्वतः मात्र येड्यासारखा तिथेच उभा राहिलो. घाबरून मी एका टेकूलाच मिठी मारली. लाल डोक्याचा, टेकूला चिकटलेला इंजिनिअर. कुणीही हसलं असतं.

साहेबांना फोन लावला. "टेकू निघणार नाहीत."

"काय म्हणालास?"

आवाज फाटला, तरी पुन्हा म्हणालो. "काँक्रीट कच्चं आहे. मी काढू देणार नाही. आणि माझी जात काढून ते पक्कं होत नाही, साहेब."

मिस्त्रीने हातोडा खाली ठेवला. टेकू राहिले. मी राहिलो नाही. संध्याकाळी गेटवरच्या वॉचमनने माझं ओळखपत्र काढून घेतलं.

आता अंधेरीला दुसऱ्या साइटवर आहे. इथेही "होऊन जाईल" चालतं. इथेही मीटिंगच्या आधी मला भीती वाटते. वाटू दे. ज्या छताखाली माणसं जेवायला बसतात, त्याबद्दल मी खोटं बोलणार नाही. भीत भीत बोलेन. उभा राहून बोलेन. कितीही वेळा काढून टाका.