कापलेली माया

मास्तरांनी उभ्या जन्मात कुणाला शाळेत शिकवलं नव्हतं. कपडे शिवणाऱ्याला लोक मास्तर म्हणतात, म्हणून ते मास्तर. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार आणि मधे एक जाड पडदा. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती टेप टाकायची आणि माप घेता घेता त्याच्या घरच्या चार गोष्टी काढून घ्यायच्या, हा त्यांचा आवडता उद्योग. घरात बायको आणि एकुलती एक लेक. लेक लहानपणापासून अंगाने भरलेली, म्हणून सगळे तिला ढब्बू म्हणत. मास्तरही म्हणत. ती हसते म्हणजे तिला चालतं, असं ते धरून चालले होते.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला ढब्बू एका मैत्रिणीच्या नादाने सकाळी मैदानावर पळायला जाऊ लागली. सुरुवातीला अर्ध्या फेरीत जीव घशाशी यायचा. मग दम वाढला. लालबुंद गालांनी घरी यायची, पोटभर खायची, गाढ झोपायची. जिने चढताना लागणारी धाप गेली, चालण्यात एक ऐट आली. पण वजनकाट्यावर काही फारसं हललं नाही, त्यामुळे तिचं कौतुक करायचं कुणाला सुचलं नाही.

मग पावसाळा सरता सरता काटा एकदम हलला.

"बाबा, ही पँट कंबरेत सैल होतेय. जरा आत घ्या ना."

मास्तरांनी टेप लावली. चांगली दोन बोटं जागा होती. त्यांनी हातातलं काम बाजूला सारलं आणि आधी लेकीची पँट घेतली. काही दिवसांनी पुन्हा तेच, मग कुडते, मग ब्लाउज. मास्तरांना आनंद मावेना. जुनी पँट खुंटीवर तशीच ठेवून ते आल्यागेल्याला दाखवायचे. "बघा, ही माझी लेक! आता यात दोनदा मावेल." समोरच्या काकू म्हणाल्या, "आता कुठे माणसात आलीस गं." ढब्बू लाजून हसली, पण ते हसू आधीच्या हसण्यासारखं नव्हतं. यात मनापासूनचा आनंद होता.

शिवणीच्या आत थोडं जादा कापड राखतात, उद्या कपडा घट्ट झाला तर उसवून वाढवता यावा म्हणून. या धंद्यात त्याला माया म्हणतात. मास्तर कुणाच्या कपड्यात माया ठेवायला कधी चुकले नाहीत. पण त्या खेपेला लेकीच्या एकूण एक कपड्यातली माया त्यांनी कातरीने उडवली. "आता कशाला लागतेय? मागे वळून बघायचंच नाही!"

घरात एकट्या आईच्या कपाळावर आठी होती.

"अहो, ही घटाघटा पाणी पिते. सारखी मोरीकडे पळते. जेवते दोघांचं आणि वाळत चाललीय. मला काही बरं लक्षण दिसत नाही."

"अगं, पळते ती! घाम जातो, तहान लागणारच. तुला चांगलं काही बघवतच नाही."

खरी गोष्ट अशी होती, की ढब्बूचं पळणं केव्हाच बंद पडलं होतं. मैदानावर जायची आणि बाकावर बसून राहायची. पाय शिशाचे झाले होते. पण घरी सांगितलं तर डॉक्टरकडे नेतील आणि हे जे काही सुरू झालंय ते थांबेल, या भीतीने ती गप्प होती.

एका दुपारी मास्तर काजं करत बसले असताना आतून भांडं पडल्याचा आवाज आला. पडदा सारून बघतात तो ढब्बू मोरीपाशी भिंतीला टेकून बसलेली. ओकून ओकून रिकामी झालेली. बसल्या जागी ती असा खोल खोल श्वास घेत होती, जसा कुणी डोंगर चढून आल्यावर घेतो. तोंडाला सडक्या फळासारखा वास येत होता.

"ढब्बू, ए ढब्बू, इकडे बघ!"

तिने बघितलं, पण नजर मास्तरांच्या आरपार गेली. कोट न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने आपली गाडी काढली. मागच्या सीटवर आई लेकीचं डोकं मांडीवर घेऊन एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "झोपू नकोस, बाळा, झोपू नकोस." पुढे बसलेल्या मास्तरांच्या गळ्यात टेप तशीच लोंबत होती.

रुग्णालयातल्या डॉक्टरीण बाई वयाने तरुण पण बोलायला सरळ होत्या. सुया, सलाइन, रक्ताच्या तपासण्या अशी धावपळ झाली, रात्र गेली, आणि सकाळी लेक शुद्धीवर आल्यावर त्या मास्तरांना म्हणाल्या, "मधुमेह आहे. हा प्रकार खाण्यामुळे होत नाही, लठ्ठपणामुळे होत नाही. शरीरातलं इन्सुलिन बनणंच बंद पडलंय. साखर रक्तात नुसती फिरते, अंगाला लागत नाही. मग शरीर स्वतःलाच खात सुटतं. वजन कधीपासून उतरत होतं?"

"दोनेक महिने."

"आणि कुणाला काही वाटलं नाही?"

मास्तरांनी गळ्यात अजून लोंबणारी टेप काढून खिशात कोंबली. बायकोने त्यांच्याकडे बघितलं, पण त्या क्षणी ती काही बोलली नाही. ते न बोलणं मास्तरांना फार लागलं.

त्यानंतर घराचं वेळापत्रकच बदललं. जेवणाआधी बोटातून थेंबभर रक्त काढून यंत्रावर साखर बघायची, मग इन्सुलिनची सुई पोटाला टोचायची, रात्री आणखी एक. आयुष्यभर. ढब्बू शहाण्यासारखी सगळं शिकली. अंगात ताकद आली, चेहऱ्यावर तेज आलं. आणि वजनही परत आलं.

डॉक्टरीण बाईंनी आधीच सांगितलं होतं, की हे येणारच, ही तब्येत परत येतेय. पण लोकांना ते कोण सांगणार? समोरच्या काकू म्हणाल्या, "अगंबाई, केलेलं सगळं पाण्यात!" दुकानात बसलेलं कुणीतरी हसलं. ढब्बूने कपड्यांचा गठ्ठा बापापुढे टाकला. "बाबा, हे वाढवून द्या." मास्तरांनी एक शिवण उसवली, दुसरी उसवली. आत काहीच नव्हतं. वाढवणार कशातून? ते मान खाली घालून म्हणाले, "नवे शिवतो."

"नको," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

थंडी ओसरली तेव्हाची गोष्ट. मास्तर मशीनवर टिपा मारत होते. ढब्बू मधे बाजारातून घेतलेली तयार पँट घेऊन आली.

"बाबा, कंबरेत जरा आत घ्या ना."

मास्तरांचा पाय पायट्यावर तसाच थांबला. त्यांनी वर बघितलं. गाल बसलेले, ओठ कोरडे, हातात पाण्याची बाटली. बाटली अर्धी झाली होती आणि सकाळ अजून सरली नव्हती.

"सुई टोचतेस ना?"

"टोचते की."

"सगळ्या?"

"बाबा, तुम्हाला घ्यायचं नसेल तर तसं सांगा. मी दुसरीकडे देते."

"माझ्यासमोर साखर बघ."

"मगाशीच बघितली."

"परत बघ."

गिऱ्हाईक दारात उभं होतं. मास्तरांनी त्याला हातानेच थांबवलं, उठून दुकानाचं दार लावून घेतलं. इतक्या वर्षांत भर सकाळी ते दार कधी लागलं नव्हतं. आई पडद्यात येऊन उभी राहिली. ढब्बूने दोघांपैकी कुणाकडेही न बघता बोटाला टोचलं, पट्टीवर थेंब लावला. यंत्राने थोडा वेळ घेतला. मग आकड्याच्या जागी नुसती दोन इंग्रजी अक्षरं उमटली. साखर त्याच्या मोजण्यापलीकडे गेली की ते आकडा दाखवणं सोडून देतं, हे तिघांनाही माहीत होतं.

"जेवणाच्या वेळच्या सोडते," ती हलक्या आवाजात म्हणाली. "रात्रीची घेते. थोडी."

"का?" आईचा आवाज फाटला. "मरायचंय का तुला?"

"मरायचं नाहीये! मला फक्त..." ती एकदम उसळली. "तेव्हा सगळे किती खूश होते! बाबा, तुम्ही माझी पँट खुंटीला लावून लोकांना दाखवत होतात. मी पळत होते तेव्हा कुणी एका शब्दाने विचारलं? मी मरायला टेकले तेव्हा टाळ्या मिळाल्या मला!"

मास्तर खाली बसले. समजूत घालायला त्यांच्याकडे शंभर वाक्यं होती, गिऱ्हाइकांवर वापरून गुळगुळीत झालेली, पण त्यातलं एकही इथे चालणारं नव्हतं.

"माझंच चुकलं," ते म्हणाले. "तू झिजत होतीस आणि मी नाचत होतो. पण त्याची शिक्षा तू नको भोगूस. चल, उठ. आत्ता जायचं."

ती लगेच उठली नाही. आईने तिची चप्पल आणून पायाशी ठेवली, तरी ती बसूनच होती. तो वेळ मास्तरांना जन्माएवढा वाटला. ओढून न्यावी तर ती कायमची हातची जाईल आणि न न्यावी तर आजच. शेवटी तिने पायात चप्पल सरकवली. "काकूंना काही सांगायचं नाही," ती म्हणाली.

"नाही सांगत."

वेळेवर गेल्यामुळे थोडक्यात निभावलं. डॉक्टरीण बाई रागावल्या नाहीत. त्या ढब्बूला म्हणाल्या, "असं करणारी तू पहिली नाहीस. सुईची भीती सवयीने जाते, वजनाची भीती बोलल्याने जाते." आणि त्यांनी तिला मन मोकळं करायला दुसऱ्या एका बाईंकडे पाठवायला सुरुवात केली.

गाडी लगेच रुळावर आली नाही. कित्येक आठवडे ढब्बू बापाशी कामापुरतं बोलत होती. मास्तर पडद्याआडून सुईकडे डोळे लावून बसत, तिच्या ते लक्षात येई, मग भांडण होई. "मी काय चोर आहे का?" एकदा तिने यंत्र भिंतीवर फेकलं. एकदा पुन्हा दोन दिवस सुया चुकवल्या आणि तिसऱ्या दिवशी स्वतःहून आईला सांगितलं. मास्तरांनी खुंटीवरची पँट काढून तिचं मशीन पुसायचं फडकं केलं. लेकीला ढब्बू म्हणणंही सोडलं, तर एक दिवस तीच म्हणाली, "तुम्ही म्हणा. बाकीच्यांनी नको."

काकूंनी पुन्हा कधीतरी वजनाचा विषय काढला, तेव्हा मास्तर टाचण्या तोंडात धरूनच म्हणाले, "काकू, माझ्या दुकानात माप फक्त मी घेतो."

परीक्षा झाल्यावर ढब्बूने पुन्हा मैदान धरलं. आता पळण्याआधी साखर बघायची, पळताना साखर एकदम उतरली तर असाव्यात म्हणून खिशात साखरेच्या गोळ्या ठेवायच्या. मास्तरांनी तिच्या पळायच्या पँटला आतून चेनचा कप्पा शिवून दिला. तिने तो तपासून बघितला. "चांगला झालाय," एवढंच म्हणाली.

पहिल्या दिवशी मास्तर चहाच्या निमित्ताने मैदानासमोर जाऊन उभे राहिले. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत ती थांबली, कठड्यावर बसली. हात थरथरत होता. मास्तरांनी पेला खाली ठेवला आणि रस्त्यात पाऊल टाकलं. तिने मान वर केली, त्यांना बघितलं आणि तळहात दाखवून जागीच थांबवलं.

मास्तर थांबले. गाड्या जात होत्या. पलीकडे तिने कप्प्याची चेन उघडली, गोळ्या तोंडात टाकल्या, बोट टोचून यंत्र बघितलं आणि वाट बघत बसून राहिली. चहावाला म्हणाला, "मास्तर, चहा गार झाला." त्यांना ऐकू आलं नाही.

बऱ्याच वेळाने तिने पुन्हा बोट टोचलं, आकडा बघितला, उभी राहिली, एकदा पाय झटकले आणि राहिलेली फेरी धरली. पळत नव्हती, भरभर चालत होती.