दादांनी फोडलेला काळा कोबा

लिही गो हिबा. तुझ्या दादांचं, म्हणजे आजोबांचं, नाव तूच लिही, मी नाही घेत. (सादिक.) बाणकोटहून मस्कतला आले ते गवंडी म्हणून, आणि चाळीस वर्षं हातातली थापी सुटली नाही. बोलणं कमी. घरातलं सगळं बोलायचं ते मीच बोलायचे.

त्यांच्या जोडीला जमाल होता, केरळचा. तो सांगायचा, आमच्याकडे राजाच्या जुन्या महालात काळा कोबा आहे, करवंट्या जाळून, चुना आणि अंड्यातलं पांढरं घालून केलेला. तोंड दिसतं त्यात. दादांच्या डोक्यात ते बसलं. मस्कतमध्येच बौशरला एका म्हाताऱ्या अर्बाबाच्या, म्हणजे मालकाच्या, घराचं काम चाललं होतं. तो म्हणाला, माझ्या बैठकीत करा तसा. मग काय, अंडी मी फोडली, इथंच, आपल्या सीबच्या घराच्या किचनमध्ये. पांढरं डब्यात, पिवळं आमच्या पोटात. तुझा अब्बा पंधरा दिवस तेच आमलेट खाऊन रडकुंडीला आला. दोघांनी महिनाभर गुडघ्यावर बसून कोबा घोटला. मी बघायला गेले तर विहिरीत वाकल्यासारखं वाटलं.

पहिल्याच उन्हाळ्यात दाराजवळ केसाएवढी चीर गेली. अर्बाब थंड हवेला सलालाला गेलेला. जुम्म्याची नमाज झाली आणि तो परतायच्या आत दादांनी घण घेऊन सगळा कोबा फोडला. जमाल आडवा आला, त्याला ढकललं. अर्बाबाला सांगितलं, जमालची रीतच खोटी. तिथं टाइल्स लागल्या. जमालनं आपली हत्यारं गोळा केली. दोन महिन्यांनी कायमचा गावाला गेला.

पंधरा वर्षं ते दादांना खात होतं. रीत खोटी होती की आपला हात? मग साखरेनं डोळे जायला लागले. डॉक्टरनी सांगितलं, आता एवढंच दिसणार. तेव्हा म्हणाले, मला तो महाल बघायचा आहे. तुझी खुदेजाफुफू, माझी लेक, आम्हाला केरळला घेऊन गेली, मागच्या थंडीत.

महाल सगळा लाकडाचा, आत गार अंधार. चपला बाहेर काढायच्या. दादांना तर सावल्याच दिसत होत्या. मी सांगत होते, खांब आहे, उंबरा आहे, जपून. ते पायानं जमीन बघत चालले, गवंडी बघतो तशी, तळवा घासत. एका खोलीत थांबले. अंगठा पुढं-मागं केला. मागची माणसं खोळंबली, राखणदार चला चला करायला लागला, पण ते हलेनात.

मला म्हणाले, "खाली बघ. चीर आहे का?"

मी वाकले. होती. बारीक, दाराकडे गेलेली. आणि तिच्या दोन्ही बाजूंना कोबा इतक्या वर्षांनीही तसाच काळा, घट्ट.

"आहे," मी म्हणाले.

आणखी काही बघायचं नाही म्हणाले. जमालचं गाव तिथून दोन तासांवर. विचारत विचारत गेलो. म्हातारा झालाय तोही. ओळखलंन, खुर्ची दिलीन, पण दादा पायरीवरच बसले.

"तिथंपण चीर आहे, जमाल."

"माहीत आहे. माझ्या लहानपणापासून आहे."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस?"

"घण खाली ठेवला असतात तर सांगितलं असतं."

दादांनी मान खाली घातली. जमालच्या सुनेनं चहा आणला, तो मी घेतला. दादांचा कप पायरीवर निवत राहिला. मग जमालच उठला, हळूहळू येऊन त्यांच्या शेजारी पायरीवर बसला.