बस्त्याच्या पिशव्यांतलं दान

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी दत्त महाराजांशी बोलणं सोडलं होतं. चाळीस वर्षं एक गुरुवार चुकवला नव्हता, आणि आमची ही अर्धांगवायूने तीन वर्षं अंथरुणाला खिळली नि शेवटी गेलीच. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी देवघरासमोर उभा राहून मी सांगून टाकलं, "झालं ना तुमच्या मनासारखं? आता तुम्ही तुमच्या वाटेने, मी माझ्या." मी मूळचाच तिरसट माणूस, त्यात बायको गेलेली. सकाळी दिवा लावायचो, तोही हिने लावून दिलेली सवय म्हणून. हात जोडत नव्हतो.

कपाटात मोठ्यांच्या डायपरची आठ पाकिटं तशीच पडून होती. मुलगा हिंजवडीला आयटीत. त्याला काहीही आणायचं म्हटलं की इंटरनेटवरून घाऊक मागवायची खोड. खोकं आलं आणि पंधरा दिवसांत ही गेली. "बाबा, आता रिटर्नची डेट गेली," तो म्हणाला. मी म्हटलं, "वापरणारी गेली बाळा, तारखेचं काय घेऊन बसलास!" तेराव्याला गुरुजींनी दानाची यादी दिली होती, छत्री, चपला, गादी, तांब्या. सगळं दिलं. पण हिने तीन वर्षांत छत्री उघडली नव्हती की चपलेत पाय घातला नव्हता. जे रोज लागत होतं ते कपाटात होतं आणि ते कुठल्याच यादीत बसत नव्हतं. कपाट उघडलं की मी ते लगेच लावून घ्यायचो.

लोणी काळभोरच्या पुढे एक वृद्धाश्रम आहे असं कळलं. फोन केला, "आणा, उपयोगी पडतील," म्हणाले. आता न्यायचं कसं? हसाल तुम्ही, पण आमच्या सोसायटीत डायपर हा शब्दसुद्धा कुणी मोठ्याने उच्चारत नाही. तीन वर्षं मी ही पाकिटं काळ्या पिशवीत गुंडाळूनच जिना चढलो होतो. शेवटी मुलाच्या लग्नाच्या वेळच्या कापडदुकानाच्या दोन मोठ्या पिशव्या सापडल्या, नवरानवरीचं चित्र छापलेल्या. त्यांत चार-चार पाकिटं भरली, वरून हिची एकेक जुनी साडी पसरली, आणि स्वारगेटला लोणीची बस धरली.

बस भरलेली. "आजोबा, बस्ता मांडीवर घ्या, माणसांना उभं राहू द्या," कंडक्टर खेकसला. शेजारी पन्नाशीची एक बाई बसली होती, हातात हळदीकुंकवाची नि बांगड्यांची पिशवी. तिने माझ्या मांडीवरच्या पिशव्यांकडे पाहिलं आणि हसून विचारलं, "बस्ता का, दादा? पोरीचं लगीन?"

"हो," मी म्हटलं. खोटं बोललो, सरळ तोंडावर. काय सांगणार होतो?

"माझ्या बी पोरीचं उद्या हाय," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम उतरला. मग मी न विचारताच बोलत राहिली. माणसं बसमध्ये परक्याला जे सांगतात ते घरात सांगत नाहीत. नवरा मार्केट यार्डात हमाल. मागच्या वर्षी ट्रकवरून पाठीवर पडला. ऑपरेशन झालं, धरून चार पावलं टाकतो, पण लघवीवर ताबा राहिला नाही. तेव्हापासून घराबाहेर पडलेला नाही. मुलगी मनीषा कंप्युटरच्या कंपनीत नोकरीला. तिने सांगून टाकलं होतं, आप्पा मांडवात आले नाहीत तर मी बोहल्यावर चढणार नाही. आणि आप्पा म्हणत होते, चार माणसांत माझं धोतर ओलं झालं तर पोरीची आयुष्यभर शोभा होईल, मी येणार नाही. बापलेकीत चार दिवस बोलणं नव्हतं. "जुन्या लुगड्याच्या घड्या करून लावती मी," बाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "पर घटकाभरात भिजत्यात. आता देवालाच म्हनलं, तूच बघ बाबा."

मी खिडकीबाहेर बघत होतो. हडपसर मागे गेलं. मांडीवरच्या पिशव्या एकदम जड वाटायला लागल्या. या बाईच्या घरचं लग्न मोडायला आलंय, आणि तिला जे हवं ते माझ्या मांडीवर साडीखाली झाकून ठेवलेलं. आणि मी? लाजेने वरची साडी आणखीच ओढून घेत होतो. आजूबाजूला माणसं, वर आत्ताच खोटं बोललेलो. माझ्या तोंडून हळूच निघून गेलं, "महाराज, हे काय चालवलंय तुम्ही?" तीन महिन्यांत त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"बाई," मी म्हटलं, "मी खोटं बोललो. हा बस्ता नाही." आणि साडी बाजूला केली.

तिला आधी कळलंच नाही. मी हलक्या आवाजात समजावलं. तिने तोंडावर हात ठेवला. "अगं माझे आई! असलं मोठ्या मान्सांसाठी बी असतंय?" टीव्हीवर तिने फक्त तान्ह्या मुलांचे पाहिले होते. दवाखान्यात कुणी सांगितलं नाही आणि तिने लाजेने विचारलं नाही; पोरीसमोर तर आप्पा हा विषयच काढू देत नव्हते. आम्ही दोघं एकाच लाजेचे, ती तिकडून, मी इकडून. वृद्धाश्रम राहिला बाजूला, मी तिच्याबरोबर उतरलो.

दारात मांडव घातलेला, आत हळदीची गडबड. आप्पा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. एवढा दांडगा माणूस, पाकीट पाहताच पेटला. "मी काय तान्हा हाय का? न्हाई घालनार!"

माझंही डोकं तडकलं. "अहो, माझी बायको शाळेत मुख्याध्यापिका होती," मी म्हटलं. "सगळी शाळा तिला टरकायची. तीन वर्षं वापरले तिने. तीसुद्धा तान्ही नव्हती." बोलता बोलता माझाच आवाज फुटला. आप्पांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग बायकोला म्हणाले, "दार लोट."

मी बाह्या सरसावल्या. कुशीवर कसं वळायचं, कडा आत दुमडल्या तर कसं काचतं, खालच्या पट्ट्या आधी का लावायच्या, किती वेळाने बदलायचं, सगळं दाखवलं. हात आपोआप चालत होते. ते तीन वर्षांचं शिक्षण मी शिक्षा समजत आलो होतो. त्या खोलीत माझ्याइतकं हे काम येणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि मला तिथे बोलावलं कुणी, ते मी अजून सांगू शकत नाही. माप अगदी बरोबर बसलं. आप्पा स्वच्छ धोतर नेसले, दोघांनी धरलं, आणि ते वर्षाने उंबऱ्याबाहेर आले. मनीषा हळदीने माखलेली तशीच धावली. "आप्पा!" एवढंच म्हणाली नि त्यांना बिलगून रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मला जावंच लागलं, त्यांनी सोडलंच नाही. आप्पा तीन तास मांडवात खुर्चीवर ताठ बसले होते. मध्ये एकदा मी त्यांना आत नेऊन आणलं, कुणाच्या लक्षातही आलं नाही. कन्यादान त्यांनीच केलं. पाठवणीच्या वेळी मनीषा त्यांचा हात सोडेना. आप्पांनी तिची बोटं एकेक करून स्वतःच सोडवली, डोळ्यांतून धारा लागलेल्या, आणि म्हणाले, "जा बाळा. सुखानं जा."

मी खांबाला टेकून उभा होतो. आमच्या हिच्या शेवटच्या दिवशी मी तिचा हात असाच घट्ट धरून ठेवला होता. नको जाऊस, नको जाऊस, एवढंच म्हणत राहिलो होतो. ती गेल्यावरही मनातून धरूनच होतो, आणि महाराजांना चोर ठरवत होतो. द्यायचं ते, रडत का होईना, आपल्या हाताने द्यावं, एवढी साधी गोष्ट मला साठी उलटल्यावर एका हमालाने शिकवली. माझे हात कधी जोडले गेले मला कळलं नाही. त्या गर्दीत, वाजंत्र्यांच्या आवाजात, मी मोठ्याने म्हणालो, "जा गं. सुखाने जा."