बाविसाव्या प्रकरणात वारलेली आत्या

शहरातल्या वाचणाऱ्या सगळ्या माणसांना ठाऊक होतं, की आत्या बाविसाव्या प्रकरणात वारली. खिडकीजवळच्या खाटेवर, छातीत सुताची धूळ भरून, एक अक्षरही न बोलता ती गेली आणि ती पानं वाचून दोन पिढ्या रडल्या. प्रत्यक्षात आत्याने सत्तरी ओलांडली होती, गुडघे सोडले तर बाकी सगळं शाबूत होतं आणि एक अक्षर न बोलता राहणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

झालं होतं असं, की गिरणी जोरात चालू होती त्या काळात एक लेखक या शहरात आला आणि कामगारांच्या वस्तीत, आत्याच्या शेजारच्याच खोलीत दोन महिने राहिला. मालकांची परवानगी काढून तो मागखात्यात स्टूल टाकून बसायचा आणि वहीत लिहायचा. चारशे माग एकदम धडधडत असले की तिथे कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी काही कळत नसे. म्हणून विणकर बायका नुसत्या ओठांनी बोलत. आवाज काढायचा नाही, ओठ तेवढे नीट हलवायचे. वीस हातांवरची बाई ते बरोबर वाचायची आणि तिकडून उत्तर द्यायची. अशा रीतीने तिथे लग्नं जमली, भांडणं लागली, मिटली आणि पुन्हा लागली.

हे लेखकाला कुणी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. यंत्रांनी ज्यांचा आवाज हिरावून घेतला अशा त्या स्त्रिया दिवसभर स्वतःशीच काहीतरी पुटपुटत असत, असं त्याने लिहून टाकलं. त्या एका वाक्यावर पुढे तिघांनी डॉक्टरेट मिळवली. त्या दिवशी बायका काय पुटपुटत होत्या, ते मात्र आत्याला पक्कं आठवत होतं. लेखकाने स्वेटर उलटा घातला होता आणि ते त्याला सांगायचं कुणी, यावर सकाळपासून खल चालला होता.

कादंबरीची नायिका म्हणजे आत्याच, याबद्दल कुणाला शंका नव्हती. आडवं सूत नेणारा धोटा मागातून उडून लागल्याची डाव्या भुवईवरची खूण लेखकाने जशीच्या तशी उचलली होती. आत्याने पुस्तक वाचायला घेतलंही होतं. पण पहिली बारा पानं नुसता गिरणीचा धूरच होता. धूर आपण अठ्ठावीस वर्षं रोज पाहिला, तो आता चष्मा लावून कशाला पाहायचा, असं म्हणून तिने पुस्तक डब्यांच्या फळीवर ठेवून दिलं.

गिरणी बंद पडली, धुराडं पाडलं, पण कादंबरी काही बंद पडली नाही. ती अभ्यासाला लागली. दर वर्षी कॉलेजची पोरं वस्तीत यायची, दारात उभी राहून हळू आवाजात विचारायची, की ती इथेच गेली का. सुरुवातीला आत्या खरं सांगायची. पण मग पोरांची तोंडं अशी पडायची, की तिला आपण जिवंत असल्याची लाज वाटू लागली. पुढे पुढे ती खाटेकडे बोट दाखवून सांगायची, हो, इथेच, फार हाल झाले बिचारीचे. मग पोरं डोळे पुसायची आणि आत्या त्यांना पाणी द्यायची. एका प्राध्यापकाने तर तिला निरखून पाहिलं आणि तुम्ही तिच्या नात्यातल्या दिसता, असा शोध लावला.

खोली म्हणाल तर दहा बाय बारा. एक खाट, एक खिडकी, मोरी आणि भिंतीला खिळे. पण भाऊ आणि भावजय एकाच वर्षात गेल्यावर तीन वर्षांच्या भाच्याला तिने याच खोलीत वाढवला. तो सगळ्यांसमोर हट्ट करायला लागला, की ती लांबूनच ओठांनी त्याची अशी खरडपट्टी काढायची, की तो जागच्या जागी गप्प व्हायचा आणि लोक म्हणायचे, किती गुणी मुलगा. आता तो लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होता आणि नगरपालिकेत कारकून होता. नऊ वर्षं तात्पुरता. तात्पुरता या शब्दाला इतकी वर्षं टिकवून धरायची कला फक्त नगरपालिकांनाच साधते.

लेखकाच्या जन्मशताब्दीचं वर्ष आलं आणि नगरपालिकेला अचानक साहित्याची तहान लागली. स्मारक समिती झाली. नगराध्यक्ष तिचे अध्यक्ष झाले, कारण त्यांनी कादंबरी वाचली नव्हती, त्यामुळे त्यांचे तिच्याबद्दल कुणाशीच मतभेद नव्हते. वस्ती नगरपालिकेच्याच मालकीची असल्याने पहिला डोळा आत्याच्या खोलीवर गेला. नायिका जिथे मेली ती खोली, तीच खाट, तीच खिडकी. अडचण एवढीच होती, की खोलीत नायिका राहत होती.

भाचा एका रविवारी आला. खाटेच्या कडेवर बसून त्याने एक कागद काढला. समारंभात स्टेजवर सही करायची, समिती दारावर एक पाटी लावणार, तेवढ्याचीच ही संमती आहे, असं त्याने सांगितलं. सांगताना तो मोरीकडे बघत होता. आत्याचा चष्मा दुरुस्तीला होता आणि कागद बारीक अक्षरांत होता.

"खोलीला हात नाही ना लागणार?" तिने विचारलं. "पाटी लावा, झेंडा लावा, मला काही म्हणायचं नाही. पण मी मरायची ती इथूनच."

"नाही गं आत्या," भाचा म्हणाला. "तू कशाला काळजी करतेस?"

तिने काळजी सोडून दिली. ज्याला बोट धरून शाळेत नेलं, त्याच्यावर विश्वास ठेवायला चष्मा लागत नाही, असं तिला वाटलं.

समारंभ टाउन हॉलमध्ये झाला. समोरच्या चार रांगा म्हाताऱ्या विणकर बायकांसाठी राखून ठेवल्या होत्या. निमंत्रणपत्रिकेत त्यांना कादंबरीतल्या जगाचे जिवंत अवशेष म्हटलं होतं, आणि ते कुणी वाचून न दाखवल्यामुळे त्या खुशीत होत्या. पहिल्या रांगेत चार नंबर बसली होती. आत्याच्या शेजारचा चार नंबरचा माग तिचा, म्हणून तिचं नाव चार नंबर पडलं ते कायमचंच. स्टेजवर मधोमध अध्यक्ष, त्यांच्याजवळ समितीचे सचिव, आणि अगदी टोकाच्या खुर्चीवर आत्या. भाचा फाईल घेऊन मागे उभा होता.

सचिवांनी जाहीर केलं, की थोर लेखकाला आणि त्यांच्या अमर नायिकेला दोन मिनिटं उभं राहून आदरांजली वाहू या. सगळे उठले. आत्याही गुडघ्यांवर हात टेकून उठली, स्वतःसाठीच.

हॉल चिडीचूप झाला. अध्यक्षांना दोन मिनिटं गप्प राहण्याची सवय नव्हती. मान खाली घालून, आवाजाचा टिपूसही न काढता, ते सचिवांशी बोलायला लागले. आत्याला ते बाजूने दिसत होते. बाजूने ओठ वाचण्यात तिची अठ्ठावीस वर्षं गेली होती.

"सोमवारी हिचं सामान वृद्धाश्रमात हलवा," अध्यक्षांचे ओठ म्हणाले. "मंगळवारी रंगकाम."

"कागद भाच्यानेच तयार केलाय," सचिवांचे ओठ म्हणाले. "त्याला कायम करायचं कबूल केलंय आपण."

खोलीचं दुःख नंतरचं होतं. आधी आत्याला त्या पोराचा गोवर आठवला, अकरा दिवस तिने त्याला मांडीवर घेऊन काढले होते, आणि तिला फार वाईट वाटलं. मग तिला राग आला. रागात तिला नेहमी बरं सुचायचं.

तिने मान वर केली, चार नंबरकडे पाहिलं आणि ओठ हलवले. कागद पाटीचा नाही, खोली रिकामी करायचा आहे. चार नंबरने मागच्या रांगेकडे वळून तेच सांगितलं. पुढच्या मिनिटभरात त्या शांत हॉलमध्ये सत्तर बायकांची सभा भरली. एकीने विचारलं, आज हिची खोली, उद्या कुणाची? दुसरीने अध्यक्षांच्या आईचा उद्धार केला. तिसरीचं म्हणणं होतं, की सही करूच नये. तिला चौथीने झापलं, की ते कळतंय गं, पण आपण काय करायचं ते सांग. एक ठराव आला, त्याला दुरुस्ती आली आणि सगळं एकमताने मंजूर झालं. अध्यक्षांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून हे पाहिलं आणि बायका प्रार्थना करताहेत असं वाटून त्यांना भरून आलं.

आत्याने मागे वळून पाहिलं. मान खाली नसलेला स्टेजवरचा दुसरा माणूस भाचाच होता. त्याने सगळी सभा वाचली होती. ती भाषा तो अक्षरं गिरवायच्या आधी शिकला होता.

"तुला माहीत होतं?" तिच्या ओठांनी विचारलं.

त्याने फाईल छातीशी धरली. पण खोटं त्याने सांगितलं नाही.

"हो."

ती पुन्हा समोर वळली.

दोन मिनिटं संपली. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि माइकमधून म्हणाले, "धन्यवाद. बसून घ्या."

स्टेजवरची मंडळी बसली. मागच्या रांगांतले वाचक, प्राध्यापक आणि पत्रकार बसले. समोरच्या चार रांगा उभ्याच राहिल्या. अध्यक्ष हसले आणि म्हणाले, की आदरांजली झाली, आता बसायला हरकत नाही. कुणी हललं नाही. चार नंबरने हाताची घडी घातली. संधिवाताच्या बायका समोरच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या, पण उभ्या होत्या. आत्या आपल्या खुर्चीपुढे उभी होती आणि टेबलावर तिच्यासाठी टोपण काढून ठेवलेलं पेन तसंच पडलं होतं.

अध्यक्षांच्या कपाळावर घाम आला. "बसा म्हणून सांगा त्यांना," ते सचिवांना म्हणाले. सचिव माइकवर गेले आणि अतिशय शुद्ध भाषेत त्यांनी आसनस्थ होण्याची विनंती केली. विनंती हॉलभर घुमली आणि विरली.

मग अध्यक्षांनी मागे वळून भाच्याला हाताने खूण केली. तुझी आत्या आहे ना, तू बसव तिला. नऊ वर्षांचा तात्पुरता माणूस फाईल घेऊन पुढे आला. त्याने फाईल अध्यक्षांसमोर ठेवली, आतला कागद काढून त्याची घडी केली, खिशात टाकली आणि आत्याच्या शेजारी जाऊन तोही उभा राहिला.