विमानवाल्यांकडं टाकलेला शब्द

आधी चहा ओता, मग सांगतो. स्वतःची फजिती सांगायला बसलं की घसा फार लवकर सुकतो. आणि ही फजिती साधीसुधी नव्हे बरं का! इथं बसवकल्याणात, दारात खुर्ची टाकून बसल्या बसल्या मी एका विमान कंपनीला घाम फोडला होता!

त्याचं असं झालं. माझी भाची गौरी, निंबर्ग्याच्या अक्काची मुलगी, पायलट झाली. लायसन्स आलं, पेढे वाटले आणि पोरगी घरी बसली. कुठंही गेली तरी एकच उत्तर, अनुभव आणा. अनुभव कुठून आणायचा? तर नोकरी लागल्यावर! अक्का रोज फोनवर रडायची. त्या मधल्या काळात गौरी माझ्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसत होती. ऑफिस म्हणजे काय, एक पत्र्याची शेड, टेबल आणि न फिरणारा पंखा.

शेवटी माल वाहणाऱ्या एका विमान कंपनीनं तिला बोलावलं. लेखी परीक्षा घेतली, नकली विमानात बसवून उडवून बघितलं, डोळे-कान तपासले. सगळ्यात पास! आता एकच उरलं होतं. आधी जिथं काम केलं तिथल्या मालकाला फोन करून चौकशी. मालक कोण? हे तुमच्यासमोर बसलेलं ध्यान!

गौरीनं मला आधीच बजावलं. "मामा, कंपनीचा फोन येणार हाय. नीट बोल."

"अगं, मला शिकवायलीस व्हय? जन्म गेला माझा ड्रायव्हर ठेवण्यात. माल वाहणारी कंपनी म्हणजे आमचाच धंदा की. रस्ता तेवढा वरचा."

"मामा, हीच एक कंपनी हाय. ही गेली तर मला पुन्हा कोण बोलवतंय?"

तिचा आवाज ऐकून मला भरून आलं. लहानपणी माझ्या ट्रकच्या केबिनमध्ये मांडीवर बसून हॉर्न वाजवणारी पोर ती! ठरवलं, हिच्यासाठी असा शब्द टाकायचा की कंपनीवाल्यांनी गाडी पाठवून तिला घेऊन जावं.

आता तुम्ही आजकालची माणसं. आमच्या वेळी ड्रायव्हर कसा ठेवायचे ते तुम्हाला कसं ठाऊक असणार? मी तरुणपणी मेहबूब उस्तादांकडं नोकरी मागायला गेलो. उस्ताद बाजेवर बसून बशीतला चहा फुंकत होते. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

"कित्ते बार पलटी मार्‍या?"

मी छाती फुगवून म्हणालो, "एक बार बी नै, उस्ताद."

"फिर क्या सिक्या रे?"

उस्तादांचं गणित सरळ होतं. ज्यानं एकदा गाडी उलटवली त्याला भीती कळली. ज्यानं अजून उलटवली नाही तो उद्या उलटवणार, आणि तीही आपली! मग मी घाईघाईनं शेजाऱ्याची बैलगाडी उलटवल्याचं कबूल केलं, तेव्हा कुठं चावी हातात पडली.

काय दिवस होते हो ते! कलबुर्गीची तूर भरून सोलापूरकडं निघायचं, उमरग्याच्या अलीकडं कुठंतरी बाभळीखाली भाकरी सोडायची, उस्ताद एखादं जुनं गाणं चुकीच्या सुरात गुणगुणायचे. आजही डिझेलचा वास आला की माझी पावलं थांबतात. पुढं माझ्या स्वतःच्या गाड्या झाल्या, पण ड्रायव्हर ठेवताना मी कायम उस्तादांचाच प्रश्न विचारला.

तर, फोन आला. पलीकडं एक बाई. बोलणं कसं, इस्त्री केल्यासारखं.

"गौरी यांच्या कामाबद्दल थोडं विचारायचं होतं. त्यांच्या हातून कधी अपघात झाला आहे का?"

घ्या! पहिलाच प्रश्न उस्तादांचा! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

"झालाय की, ताई! एकदा पलटी मारलीय पोरीनं!"

"पलटी? म्हणजे पूर्ण उलटं?"

"चाकं आभाळाकडं! निंबर्ग्याच्या शिवारात. पण पोरगी लई धीराची. बाहेर निघाली, कपडे झटकली, बैलं जुंपून सरळ करून घेतली अन् स्वतःच चालवत घरी आणली!"

"बैलं जुंपून?"

"मग काय! क्रेन कुठं मिळतीय शिवारात?"

"हे सरकारला कळवलं होतं का?"

"छ्या! घरातल्या घरात मिटवलं. भावकीलासुद्धा पत्ता लागू दिला न्हाई."

तुम्ही हसायला लागलात, म्हणजे तुमच्या ध्यानात आलं. अहो, मी सांगत होतो ट्रॅक्टरचं! गौरी कॉलेजात असताना तिनं बापाचा ट्रॅक्टर बांधावरून उलटवला होता. मी ट्रॅक्टर हा शब्दच उच्चारला नाही, आणि ती बाई विमान समजून सगळं लिहून घेत होती! आणि मी समजतोय, बाई एवढं खोदून विचारतेय म्हणजे भारावून गेली आहे.

"कामाच्या वेळा आणि विश्रांतीचं काय?"

"विश्रांती? ताई, आमच्याकडं रातभर जागून सकाळी पुन्हा निघतेत माणसं. डोळा लागायला आला की कांदा फोडून हुंगायचा."

"वजनाची मर्यादा?"

"कसली मर्यादा? दोर बांधता आला म्हणजे जागा हाय!"

"आणि हवामान खराब असेल तर?"

"खिडकीतून मुंडकं बाहेर काढायचं अन् दामटायचं! माल थांबत नसतोय, ताई."

बाईनं अगदी बारीक आवाजात आभार मानले. मी मिशीवरून हात फिरवला आणि बायकोला शिरा करायला सांगितला. शिरा ताटात पडायच्या आत गौरीचा फोन.

"मामा, काय सांगितलास तू त्यांना? मी कुठलं विमान उलटवलं म्हणून विचारायलेत!"

"अगं, मी तुझं कौतुक केलं. कामून रडायलीस?"

"पलटी मारलेली पायलट कोण ठेवतंय, मामा? नुसतं खरं सांगायचं होतंस!"

माझा घास हातातच राहिला. कारण खरं काय होतं, सांगू? खरं म्हणजे गौरीला मीच कामावरून काढलं होतं. ते झाकायला तर एवढी आतषबाजी केली होती. पण पोरीची नोकरी चालली होती. मी त्या बाईला परत फोन लावला.

"ताई, उलटला तो ट्रॅक्टर होता. अन् बाकीचं मी आमच्या ट्रकवाल्यांचं बोललो. पोरगी तसली न्हाईच. म्हणून तर मी तिला काढलं."

"काढलं? का?"

"काय सांगू, कुणाचं ऐकतच न्हाई. काट्यावर वजन जास्त दिसलं की पोती खाली उतरवायला लावायची. गिऱ्हाईक ओरडू दे, मी ओरडू दे, ही ढिम्म!"

"अजून?"

"ड्रायव्हरचे डोळे लाल दिसले की चावी काढून घ्यायची. झोपून ये म्हणायची! एकदा तर पावसापायी भरलेली गाडी अडवून ठेवली. हुलसूरचा व्यापारी माझ्या नावानं शिमगा करायला लागला."

"तुम्ही सांगूनही सोडली नाही?"

"मी मालक, ताई! सख्खा मामा! तरी मला तोंडावर म्हणायची, न्हाई म्हणजे न्हाई."

"अजून सांगा ना!" बाईचा आवाज आता शिऱ्याहून गोड झाला होता. "संधी मिळाली तर पुन्हा ठेवाल त्यांना कामावर?"

खोटं बोलून एकदा हात पोळले होते. "भाची म्हणून जीव टाकतो, ताई. पण कामावर? न्हाई बाबा!"

"उत्तम! आम्हाला अगदी अशीच पायलट हवी आहे. उद्याच कळवते त्यांना."

आमच्या धंद्यात जी पोरगी कुचकामी ठरली, ती तिकडं लाखात एक निघाली होती! डोळे पुसत होतो, तेवढ्यात बाई म्हणाली, "एक शेवटचं विचारू? कंपनीसाठी नाही, माझ्यासाठी. तुमच्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत का हो?"

कुणीतरी आपुलकीनं माझ्या गाड्यांची चौकशी केली! "न्हाई ताई. गेल्या महिन्यात सगळ्या विकल्या. लई आठवण येते बघा."

पलीकडून मोठा सुस्कारा ऐकू आला.

"माझं माहेर सोलापूरचं आहे," बाई म्हणाली. "आता पोरांना घेऊन निर्धास्त जाईन."