रंगारी सेतुराव

पहिल्या दिवशी सेतुराव ब्रश आणत नसत. रिकाम्या हातांनी येत, चपला दाराबाहेर काढत आणि बैठकीच्या खोलीत मधोमध फरशीवर मांडी घालून बसत. भिंतींकडे न बघताच विचारत, "या घरांत कोण कोठें बसतें?"

नवऱ्याला श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात नोकरी लागली आणि २००५ साली आम्ही साताऱ्याहून चेन्नईला आलो. वेळचेरीतला फ्लॅट जुना, भिंती-चौकटींचा एकच फिकट रंग, तोही उडालेला. रंगारी मराठी बोलतो असं कळलं, म्हणून सेतुरावांना बोलावलं. त्यांचे पूर्वज कैक पिढ्यांपूर्वी तंजावरला गेलेले. 'झालं'ला ते 'जालें' म्हणत आणि वाक्याच्या शेवटी तमिळ हेल येई.

माझं सगळं आधीच ठरलं होतं. भिंती, दारं, चौकटी, सगळं पांढरं. लहान घर तेवढंच मोठं दिसेल! मी पुढे केलेलं शेड कार्ड सेतुरावांनी मिटून ठेवलं. "अम्मा, हे कागदाचे रंग. भिंतीवर दोन दिवस राहूं द्या, मग बोला." हातभर पट्टा मारून त्यांनी तो सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर बघायला लावला. मला तो तिन्ही वेळा आवडला. काम सुरू झालं.

सासूबाई आमच्याबरोबर होत्या. काचबिंदूनं त्यांची नजर बरीच गेली होती. साताऱ्याच्या घरात त्या सराईतपणे वावरत, पण इथं आल्यापासून खोली सोडेनात. बाथरूमला जायचं तरी मला हाक मारत. "मला परत पाठव गं, ओझं झालेय मी तुम्हाला," असं एकदा म्हणाल्यासुद्धा. परक्या गावात करमत नसेल, अशी आम्ही आमची समजूत करून घेतली.

कामाच्या तिसऱ्या दिवशी सेतुराव ब्रश ठेवून स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "अम्मा, आईंस दार दिसत नाहीं. भिंत पांढरी, चौकटही पांढरी. हातानें चाचपतात. मी सकाळपासून पाहतों."

ते सासूबाईंपाशी गेले. "आई, चौकटीस कोणता रंग लावूं?"

"मला काय विचारता? मला दिसतंय काय?"

"म्हणून तर तुम्हांस विचारतों."

सासूबाई म्हणाल्या, "काव लावा. माझ्या माहेरी ओट्याला असायची, ती लांबूनही दिसायची."

"काव!" सेतुराव खुललेच. तो शब्द त्यांच्याही घरातला होता.

मी मात्र मनातून कुरकुरत होते. एवढ्या पांढऱ्या घरात तांबडी चौकट! ते त्यांनी ओळखलं. "एकीस लावतों. पसंत नाहीं तर पुन्हां पांढरी करून देतों, सरी?"

त्यांनी बाथरूमची चौकट तांबडी केली. ती वाळल्यावर दुसऱ्या दिवशी मी भाजी चिरत होते, तर सासूबाई भिंतीला हात न लावता समोरून चालत गेल्या. परत आल्या. मग पुन्हा गेल्या, काही काम नसताना. मी सुरी खाली ठेवली आणि सेतुरावांना म्हटलं, "सगळ्या चौकटी करा."

त्यानंतर साताऱ्याला जायची भाषा सासूबाईंनी काढली नाही. सेतुराव पुढे काम नसतानाही डोकावू लागले. सासूबाई त्यांचं मराठी सुधारायला बघत. "जालें नव्हे हो, झालं!"

"आमचें तें जुनें, आई. बदललांत तुम्ही," ते म्हणत, आणि दोघंही हसत.

चार वर्षांनी सेतुराव गेले. ताप आला आणि दोन दिवसांत आटोपलं. सासूबाई हट्टानं माझ्याबरोबर सैदापेठेतल्या त्यांच्या घरी आल्या. त्यांच्या पत्नीनं पुढे होऊन सासूबाईंचे दोन्ही हात धरले.

"तुम्हीच नव्हे अक्का? सदा सांगत, वेळचेरीस माझी थोरली बहीण आहे म्हणून."

आमच्यासमोर ते 'आई' म्हणत. अक्का हे आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

सासूबाई तिथंच त्यांच्या पत्नीशेजारी चटईवर टेकल्या. "मग मी फार उशिरा आले हो," म्हणाल्या, आणि संध्याकाळपर्यंत तिथून उठल्या नाहीत.