तिचा चेहरा मी देल्ला नाही

"तुमच्या लोकांना कसली आलीय प्रायव्हसी? एका खोलीत सगळं खानदान झोपतं."

संपादक सर हे हसत बोलले. आर्णीतल्या आमच्या न्यूज चॅनलच्या ऑफिसात, सगळ्यांसमोर. कॅमेरावालाही हसला. मी तिथं वार्ताहर होती. आमच्या वस्तीतून पहिलीच.

झालं असं. वस्तीतलीच एक पोरगी कापूस वेचाले गेलती. शेतमालकाच्या पोरानं तिच्यावर जबरदस्ती केली. तक्रार ठाण्यात गेली. सरांनी मलेच पाठवलं. म्हणाले, तुझ्यासाठी दार उघडतील.

उघडलं. तिच्या मायनं मले बाजेवर बसवलं, पाणी देल्लं. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडलेली. तशीच बोलली, "ताई, मोबाइल काढू नको."

मी काढला नाही. तिनं सांगतलं तेवढं ऐकलं. तिची ओळख कुठंच येऊ न देता बातमी लिहिली.

सरांनी ती बाजूले टाकली अन् स्वतः दुसरी लिहिली. तिच्यात पोरीच्या बापाचं नाव, वस्तीचं नाव. ज्यानं केलं तो मात्र नुसता 'प्रतिष्ठित कुटुंबातील तरुण'. वरून त्यांले पोरीचा चेहरा पाह्यजे होता. हा गुन्हा आहे, मी म्हटलं. तवा ते खोलीचं बोलले.

माह्या अंगाची आग झाली. मागच्या साली सरांची पुतणी घर सोडून गेलती. तवा सगळ्या पत्रकारांले फोन गेले, घरची गोष्ट आहे, छापू नका. कोणीच छापली नाही.

मी इचारलं, "सर, तुमच्याच घराले दार आहे काय?"

सर शांतपणे म्हणाले, "तू कुठं राहतेस, माहीत आहे मला. विचार कर."

ओळखपत्र टेबलावर टाकून मी निघाली. पायी वस्तीत पोचली, तं कॅमेरावाला मोटरसायकलनं आधीच त्या पोरीच्या दारात. ताईनंच पाठवलं, असं माह्यं नाव सांगून आत शिरून राह्यला होता. मी उंबरठ्यावर आडवी झाली. तो गेला.

मंग गल्लीच्या तोंडाशी शेतमालकाची पांढरी कार येऊन थांबली. काच खाली झाली नाही. बायांनी एकेक दार लावून घेतलं.

माह्यी माय म्हणाली, "बाई, आपल्याले इथंच राहाचं आहे."

"म्हणूनच," मी म्हटलं.

सर अन् कॅमेरावाला, दोघांचीही तक्रार ठाण्यात देल्ली. कार अजून येते. बातमी मी लिहून राह्यली. पोरीचं नाव तिच्यात नाही. त्या पोराचं आहे, पूर्ण. खाली माह्यं, तेबी पूर्ण.